चेंडू गुडघ्यावरून सोडण्याआधी: नवख्या गोल्फरांसाठी ड्रॉपचे नियम

गोल्फचा मूळ दंडक एकच आहे: चेंडू जसा पडलाय तसा मारायचा. पण तो ओढ्यात गेला, सिमेंटच्या वाटेवर थांबला, घुशीच्या बिळात शिरला किंवा कुंपणापलीकडे उसात गडप झाला, तर? अशा वेळी नियम चेंडू उचलायची किंवा दुसरा घ्यायची मुभा देतात आणि ठरलेल्या जागेत तो हातातून सोडायला लावतात. यालाच ड्रॉप म्हणतात. सोडण्याचं काम दोन सेकंदांचं आहे. नवखा माणूस बहुतेकदा त्या दोन सेकंदांत चुकत नाही, त्याआधीच्या दोन मिनिटांत चुकतो: कुठून मोजायचं, किती मोजायचं, कोणत्या बाजूला जायचं.

सातारा, कराड, सांगली, मिरजेकडे मोकळ्या माळावर हात बसवायचा आणि पुरे अठरा होल खेळायला पुण्याला येरवड्याच्या मैदानावर जायचं, असं ज्यांचं चालतं त्यांना हे जास्त लागू आहे. माळावर ड्रॉपची वेळच येत नाही. चेंडू दगडाशी टेकला की बुटाच्या टोकाने वीतभर सरकवला, झालं. हीच सवय स्पर्धेत दंड खायला लावते.

एक गोष्ट मात्र आपल्याकडच्या माणसाला शिकवावी लागत नाही. विटी-दांडूत अंतर दांडूनेच मोजायचं असतं, टेप आणून नव्हे. गोल्फमध्येही मोजमाप क्लबनेच, म्हणजे चेंडू मारायच्या काठीनेच होतं. पिशवीतल्या पटरखेरीज (चेंडू हलकेच होलमध्ये ढकलायचा क्लब) सर्वांत लांब क्लबची जी लांबी, ती तुमची एक 'क्लब-लांबी'. बहुतेकांच्या पिशवीत तो ड्रायव्हर असतो, साधारण 45 इंच, म्हणजे 114 सेंटिमीटरच्या आसपास. दोन क्लब-लांब्या म्हणजे सव्वादोन मीटरहून थोडं जास्त. ड्रायव्हरने मोजलं म्हणून मारायचंही त्यानेच असं नाही. मोजा ड्रायव्हरने, मारा हव्या त्या क्लबने. लांब दांड्याचा पटर वापरणाऱ्यांनी मात्र त्याने मोजू नये, नियमाने तो बाद आहे.

चेंडू हातातून कसा सोडायचा

आजची, गुडघ्याच्या उंचीवरून सोडायची पद्धत 1 जानेवारी 2019 पासूनची आहे. त्याआधी हात सरळ पुढे करून खांद्याच्या उंचीवरून चेंडू सोडत, आणि 1984 च्या आधी तर होलकडे तोंड करून खांद्यावरून मागे टाकत. त्यामुळे जुना खेळाडू सवयीने खांद्यावरून सोडताना दिसला तर त्याचं अनुकरण करू नका. तो ड्रॉप आता चुकीचा धरतात.

सरळ उभं राहिल्यावर तुमचा गुडघा जमिनीपासून जितका वर असतो, ती उंची. बहुतेक मोठ्या माणसांची ती दीड ते पावणेदोन फूट भरते. सोडताना वाकलात तरी चालेल, पण उंची उभ्या गुडघ्याचीच धरायची. चेंडू सरळ खाली पडला पाहिजे. फेकायचा नाही, फिरकी द्यायची नाही, घरंगळत सोडायचा नाही. जमिनीला लागण्याआधी तो तुमच्या अंगाला, बुटाला किंवा तुमच्या कोणत्याही साहित्याला लागता कामा नये. आणि तो पहिल्यांदा जमिनीला टेकायचा तो ठरलेल्या रिलीफच्या, म्हणजे नियमाने दिलेल्या सुटकेच्या जागेतच.

ड्रॉप तुम्ही स्वतः करायचा. आपल्याकडच्या मैदानांवर कॅडी हाताशी असतो, आणि मदतीच्या भावनेने "साहेब, इथून मारा" म्हणत चेंडू स्वतःच गवतावर ठेवून मोकळा होतो. त्यात त्याचा वाईट हेतू नसतो, पण दंड तुम्हाला बसतो. जिथे ड्रॉप करायचाय तिथे चेंडू हाताने ठेवून मारला तर तो पूर्ण दंड आहे: स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायचा प्रकार) दोन स्ट्रोक म्हणजे फटके, मॅच प्लेमध्ये (एकेक होल जिंकायचा प्रकार) तो होलच गमावला. कॅडीला हसून सांगा, चेंडू माझ्या हातात द्या. बाकी जागा दाखवणं, झेंडा कुठे आहे ते सांगणं, हे त्याने खुशाल करावं.

चुकीच्या पद्धतीने सोडलेला ड्रॉप मोजलाच जात नाही. उंची चुकली, पायाला लागून खाली गेला, जागेच्या बाहेर टेकला, काहीही असो, पुन्हा सोडा. असं कितीदाही करता येतं आणि त्याला दंड नाही. दंड लागतो तो चूक न सुधारता फटका मारल्यावर. चेंडू रिलीफच्या जागेत थांबला होता आणि फक्त पद्धत चुकली होती, तर एक स्ट्रोक. जागेच्या बाहेरून मारला तर पूर्ण दंड.

आता पद्धत बरोबर, पण चेंडू उसळून किंवा उतारावरून घरंगळून जागेच्या बाहेर जाऊन थांबला. मग दुसऱ्यांदा सोडा. पुन्हा बाहेर गेला तर तिसऱ्यांदा सोडायचा नाही. दुसऱ्या ड्रॉपला चेंडू जमिनीला जिथे पहिल्यांदा टेकला, नेमक्या त्या बिंदूवर तो हाताने ठेवायचा. तिथे टिकला नाही तर एकदा पुन्हा तिथेच ठेवा, आणि तरीही घरंगळला तर होलच्या जवळ न जाता जिथे टिकेल अशा सर्वांत जवळच्या जागी. म्हणून दुसऱ्या ड्रॉपच्या वेळी डोळे चेंडू पडतो त्या बिंदूवर ठेवा, तो पळतो त्या दिशेला नव्हे. सगळे चेंडूच्या मागे बघतात आणि मग टेकला कुठे यावर दोन मिनिटं वाद होतो.

चेंडू नीट जमिनीला टेकला आणि मग चुकून तुमच्या बुटाला लागून जागेतच थांबला, तर काही करायचं नाही, तो तसाच खेळायचा. मुद्दाम पाय आडवा घातला तर पूर्ण दंड. तेव्हा सोडल्यावर एक पाऊल मागे सरा.

जागेत थांबलेला चेंडू वाईट ठिकाणी, खोल गवतात किंवा उघड्या मुरमावर बसला, तर तक्रार नाही. 'मनासारखा बसला नाही' या कारणाने पुन्हा ड्रॉप मिळत नाही.

उचलण्याआधी चार प्रश्न

कोणताही ड्रॉप असो, चेंडूला हात लावण्याआधी ही चार उत्तरं मनात पक्की हवीत.

1. मोजायला सुरुवात कुठून? हा संदर्भ बिंदू.
2. किती? एक क्लब-लांबी की दोन?
3. कोणत्या मर्यादेत? होलच्या जवळ जायचं नाही ही मर्यादा जवळपास सगळीकडे आहे. शिवाय मैदानाच्या कोणत्या भागात चेंडू राहिला पाहिजे, तेही पाहायचं.
4. दंड किती? शून्य, एक की दोन?

यातून जे निघतं ते रिलीफचं क्षेत्र. क्षेत्र म्हणजे क्षेत्र, रेघ नव्हे. ड्रायव्हर आडवा ठेवून त्याच्या टोकाशीच चेंडू सोडावा लागतो असं पुष्कळांना वाटतं. तसं काही नाही. संदर्भ बिंदूपासून एक किंवा दोन क्लब-लांबीपर्यंत, होलच्या जवळ न जाणारा जो अर्धगोलासारखा तुकडा पडतो, त्यात कुठेही सोडा. उतार असेल तर त्या तुकड्यातला चढाकडचा भाग निवडा, म्हणजे चेंडू घरंगळला तरी आतच राहील. उलट, गवत इतकं दाट असेल की चेंडू बुडणारच, आणि शेजारी तीव्र उतार असेल, तर मुरलेला खेळाडू उताराच्या कडेला सोडतो. दोनदा बाहेर गेला की हाताने ठेवायला मिळतो. ही लबाडी नाही, नियमाच्या आतलं आहे.

संदर्भ बिंदूवर आणि मोजलेल्या टोकाला एकेक टी (पहिल्या फटक्याला चेंडू ठेवायची छोटी खुंटी) खोचून ठेवा. सक्ती नाही, पण सोबतच्या खेळाडूला सगळं दिसतं आणि पुढचा वाद टळतो.

'होलच्या जवळ नाही' हे कसं ओळखायचं? होलमध्ये दोरीचं एक टोक आहे आणि दुसरं संदर्भ बिंदूवर ताणलंय असं समजा. ती दोरी फिरवली की जो कंस पडेल, त्याच्या आत जायचं नाही. होल शंभर-दीडशे मीटरवर असेल तर दोन मीटरांत हा कंस जवळपास सरळ रेघच असतो. ग्रीनजवळ (होलभोवतीची बारीक गवताची जागा) मात्र तो ठळक वळतो, आणि तिथेच लोक नकळत पुढे सरकतात.

हे सगळं उचलण्याआधी का, तर फुकट रिलीफ मिळतोय म्हणून चेंडू उचलला, मग ड्रॉपची जागा काटेरी निघाली आणि 'राहू दे, आहे तिथूनच मारतो' म्हणून परत ठेवला, तर एक स्ट्रोक दंड पडतो.

दंड न लागणारे ड्रॉप

सिमेंटची वाट, पाण्याच्या पाइपची चौकोनी झाकणं, पक्कं शेड, समितीने 'दुरुस्तीखाली' म्हणून आखलेली जमीन, साठलेलं तात्पुरतं पाणी, प्राण्याने खणलेलं बीळ. चेंडू यांत किंवा यांवर असेल, किंवा यांमुळे तुम्हाला उभं राहायला अथवा क्लब फिरवायला अडत असेल, तर दंडाशिवाय रिलीफ मिळतो. वस्तू नुसती डोळ्यांसमोर, म्हणजे फटक्याच्या रेषेत येते म्हणून मिळत नाही.

इथला संदर्भ बिंदू म्हणजे पूर्ण सुटका होईल असा सर्वांत जवळचा बिंदू. तिथे चेंडू ठेवला तर चेंडू, पाय आणि क्लबचा फेर, तिघांनाही अडथळा नको. तिथून एक क्लब-लांबी, होलच्या जवळ नाही. नवखे सर्वांत जास्त अडखळतात ते इथे, म्हणून आकड्यांनी पाहू.

वाट 2.4 मीटर रुंद आहे आणि चेंडू बरोबर मधोमध. तुम्ही उजव्या हाताने खेळता, म्हणजे होलकडे पाहिलं तर तुम्ही चेंडूच्या डाव्या अंगाला उभे राहणार. वाटेच्या डावीकडे सुटका घेतली तर पाय वाटेपासून आणखी लांब जातात, त्यामुळे चेंडू कडेच्या थोडाच पलीकडे असला, क्लबचं टोक वाटेला लागत नसलं की पुरे. अंतर सव्वा मीटरच्या आसपास. उजवीकडे घेतली तर तुमचे पाय चेंडू आणि वाट यांच्यामध्ये येतात. टाचा वाटेवरून उतरवायच्या तर चेंडू कडेपासून साधारण मीटरभर पुढे न्यावा लागतो, म्हणजे एकूण सव्वादोन मीटर. जवळचा बिंदू डावा, तोच तुमचा. चेंडू उजव्या कडेपासून फक्त 30 सेंटिमीटरवर असता तर हिशेब उलटला असता: उजवीकडे सुमारे 1.3 मीटर, डावीकडे 2.1. डावखुऱ्याने हे सगळं आरशात पाहावं.

बिंदू एकच असतो. निवड करता येत नाही. डावीकडे घाणेरीचं रान आणि उजवीकडे मखमली फेअरवे (टी ते ग्रीनमधला कापलेल्या गवताचा पट्टा) असला, तरी जवळचा बिंदू डावीकडे पडला तर रिलीफ डावीकडेच. नको असेल तर चेंडू वाटेवरून तसाच मारा, किंवा पुढे सांगितलेला दंडाचा मार्ग घ्या. बिंदू शोधताना रिलीफ नसता तर जो क्लब मारला असता तोच हातात धरून उभं राहून पाहायचं, आणि नंतर क्लब-लांबी मोजायला ड्रायव्हर काढायचा. या दोन क्लबांची गल्लत फार होते.

आपल्या भागातल्या जमिनीबद्दल थोडं. पावसाळ्यात महाबळेश्वर-पाचगणीकडच्या लाल मातीत आणि कृष्णाकाठच्या काळ्या रानात 'तात्पुरतं पाणी' हा रोजचा प्रश्न. कसोटी अशी: नेहमीसारखं उभं राहण्याआधी किंवा राहिल्यावर बुटाभोवती पाणी डोळ्यांना दिसलं पाहिजे. पाय दाबून, रेटून पाणी वर काढायचं नाही. नुसती मऊ, चिकट, बूट ओढून घेणारी माती म्हणजे पाणी नव्हे, आणि दव तर नाहीच. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला पडणाऱ्या भेगांचं तसंच: समितीने त्या दुरुस्तीखाली जाहीर केल्या नसतील तर रिलीफ नाही.

बीळ म्हणजे प्राण्याने खणलेलं: उंदीर, घूस, मुंगूस. म्हशीच्या खुराचा खड्डा यात मोडत नाही, कारण म्हशीने तो खणलेला नाही. शेण मात्र सुटी वस्तू आहे, काडीने बाजूला करता येतं. करताना चेंडू हलला तर एक स्ट्रोक दंड आणि चेंडू परत जागेवर, तेव्हा हलक्या हाताने.

चेंडूजवळ नाग दिसला किंवा वर मोहोळ उठलंय, तर शौर्य दाखवायची गरज नाही. धोकादायक प्राण्यासाठी वेगळा फुकट रिलीफ आहे, धोका टळेल अशा जवळच्या बिंदूपासून एक क्लब-लांबी. बोराटीच्या काट्यांना किंवा खाजकुइलीला तो लागू नाही, त्या वनस्पती आहेत.

पेनल्टी एरियाच्या (लाल-पिवळ्या खुंट्यांनी आखलेला ओढा, तळं असा भाग) आत, धोकादायक प्राणी सोडला तर, यांतलं काहीच फुकट मिळत नाही. आत सिमेंटचा पूल असला आणि चेंडू त्यावर बसला, तरीही नाही. आणि ग्रीनवर फुकट रिलीफ मिळाला तर चेंडू सोडत नाहीत, बिंदूवर ठेवतात.

रुतलेला चेंडू

पावसात उंचावरून आलेला चेंडू स्वतःच पाडलेल्या खळग्यात रुतून बसतो. त्याचा काही भाग जमिनीच्या पातळीखाली असेल आणि तो तुमच्या आधीच्याच फटक्याने रुतला असेल, तर पेनल्टी एरिया आणि बंकर (वाळूचा खड्डा) सोडून मैदानाच्या सर्वसाधारण भागात फुकट रिलीफ आहे. शंका असेल तर जागेला खूण करून उचलून पाहता येतं. रुतलेला नसला तर न पुसता परत ठेवायचा, आणि पुसायचा मोह इथेच होतो. रुतलेला निघाला तर खळग्याच्या लगेच मागचा बिंदू धरून एक क्लब-लांबी.

लाल आणि पिवळ्या खुंट्या

ओढे, तळी, कधी नुसती खोल घळ, यांना लाल किंवा पिवळ्या खुंट्यांनी पेनल्टी एरिया म्हणून आखलेलं असतं. आतून चेंडू मारता येत असेल तर मारा, दंड नाही. 2019 पासून तिथे क्लब जमिनीला टेकवला तरी चालतो, सुटा पाचोळाही बाजूला करता येतो. बाहेर यायचं असेल तर एक स्ट्रोक.

इथे पहिला प्रश्न चेंडू कुठे पडला हा नाही. तो पेनल्टी एरियाच्या कडेवरून शेवटचा कुठून आत गेला, हा आहे. ओढ्यात तीस मीटर पुढे जाऊन तरंगताना दिसला तरी मोजायचं कडेपासून. म्हणून फटका मारल्यावर मान खाली घालून चरफडण्याआधी चेंडूवर नजर ठेवा आणि कडेवरचं एखादं झाड, दगड, खुंटी हेरून ठेवा. चेंडू दिसत नसेल तर तो तिथेच गेलाय याची जवळपास खात्री हवी, नियमाच्या भाषेत किमान 95 टक्के. 'तिकडेच कुठेतरी गेला असेल' एवढ्यावर भागत नाही. मग तो हरवलेला चेंडू ठरतो.

पिवळ्या खुंटीला दोन वाटा. एक, आधी जिथून मारला होता तिथे परत जायचं. दुसरी, मागच्या रेषेवर: होल आणि चेंडू जिथून आत गेला तो बिंदू, या दोहोंना जोडणारी रेघ मागे वाढवायची आणि त्या रेघेवर हवं तितकं मागे जाऊन ड्रॉप करायचा. बिंदूशी उभं राहून झेंडा समोर ठेवा, मग झेंडा आणि बिंदू एका ओळीत राहतील असं मागे चालत जा. 2023 च्या सुधारणेनंतर चेंडू नेमका रेघेवर टेकला पाहिजे. तो जिथे टेकेल तिथून कोणत्याही दिशेला एक क्लब-लांबीच्या आत थांबला की चालतो, अगदी थोडा पुढे गेला तरी.

लाल खुंटीला या दोन्ही वाटा आहेतच, शिवाय तिसरी: कडेवरच्या बिंदूपासून बाजूला दोन क्लब-लांब्या, होलच्या जवळ नाही. नवखे लाल खुंटीला डोळे झाकून ही तिसरी वाट घेतात. पण कडेला उतार आणि उंच गवत असेल, तर रेघेवर वीस मीटर मागे जाऊन सपाट जागेवरून, आवडत्या क्लबने पूर्ण फटका मारणं पुष्कळदा शहाणपणाचं असतं. मागे जायला जास्तीचा दंड नाही.

हिशेब: टीवरून पहिला फटका ओढ्यात, एक. दंड, दोन. ड्रॉपनंतरचा फटका तिसरा.

खुंटी उभं राहायला आडवी येत असेल तर लाल-पिवळी खुंटी उपटून बाजूला ठेवता येते, फटक्यानंतर परत लावा. पांढऱ्या खुंटीला हात लावू नका. ती मैदानाची हद्द आहे, अडथळा नव्हे, आणि ती उपटून फटक्याची सोय करून घेतली तर पूर्ण दंड.

हरवला, किंवा हद्दीबाहेर गेला

शोधायला तीन मिनिटं. 2019 च्या आधी पाच होती, जुन्या लोकांच्या तोंडी अजून पाचच असतात. तीन मिनिटांत सापडला नाही किंवा हद्दीबाहेर गेला, तर एक स्ट्रोक दंड आणि आधी मारलं तिथेच परत. टीवरून मारला असेल तर पुन्हा टी लावा. इतर ठिकाणाहून असेल तर त्या जागेपासून एक क्लब-लांबीत ड्रॉप करा.

दोनशे मीटर परत चालत जाणं टाळायचं तर आधीच प्रोव्हिजनल, म्हणजे पहिला न सापडल्यास धरायचा राखीव चेंडू मारावा. पुढे शोधायला निघण्याआधी तोंडाने स्पष्ट म्हणा, "प्रोव्हिजनल मारतोय." "आणखी एक मारतो" एवढं म्हटलं तर नियमाने तोच तुमचा खरा चेंडू होतो, मग पहिला फेअरवेच्या मधोमध सापडला तरी उपयोग नाही. ओढ्यातच गेलाय अशी खात्री असेल तर मात्र प्रोव्हिजनल मारता येत नाही.

काही ठिकाणी स्थानिक नियमाने परत न जाता, चेंडू जिथे हरवला किंवा हद्दीबाहेर गेला त्या भागातून फेअरवेच्या कडेपर्यंत येऊन दोन स्ट्रोक दंडाने ड्रॉप करू देतात. तो स्थानिक नियम लागू असेल तरच. स्कोअरकार्डाची मागची बाजू किंवा सूचना फलक सुरुवातीलाच वाचा. ड्रॉप झोन आखलेली असेल तर त्याचाही उल्लेख तिथेच असतो. झोनमध्ये चेंडू टेकलाही पाहिजे आणि थांबलाही पाहिजे.

मारताच येत नाही असा चेंडू

जांभ्या दगडाच्या सांदीत, बाभळीच्या बुंध्याशी, बोराटीत. चेंडू मारण्याजोगा नाही हे ठरवण्याचा हक्क फक्त तुमचा, आणि पेनल्टी एरिया सोडून कुठेही. एक स्ट्रोक देऊन तीनपैकी एक: आधीच्या जागी परत, होल ते चेंडू या रेघेवर मागे, किंवा चेंडूपासून दोन क्लब-लांब्या बाजूला. दोन क्लब-लांब्या म्हणजे जेमतेम सव्वादोन मीटर. बोराटीची जाळी चार मीटरची असेल तर बाजूचा ड्रॉप पुन्हा काट्यातच पडतो आणि दुसरा दंड लागतो. उचलण्याआधी ड्रायव्हर आडवा ठेवून पाहा.

बंकरमध्ये हीच सवलत घेतली तर रेघेचा आणि बाजूचा ड्रॉप बंकरच्या आतच करावा लागतो. बाहेर रेघेवर मागे यायचं तर एकूण दोन स्ट्रोक. बंकरमध्ये पाणी साठलं असेल तर आतल्या आत फुकट, बाहेर एका स्ट्रोकला.

माळावरचा सराव

पुण्याला जाण्याआधी एक सकाळ यात घाला. माळावर एक काठी होल म्हणून रोवा. ओढ्याच्या काठाने दोन-तीन लाल चिंध्या लावलेल्या काड्या. चेंडू काठावरून आत टाका, बिंदू ठरवा, ड्रायव्हरने मोजा, दोन टी खोचा, सोडा. मग तेच चढावर, उतारावर. उतारावर दहा वेळा सोडून पाहिलं की चेंडू कुठल्या कडेने पळतो ते पायाला समजतं. अंगणात सिमेंटचा कोबा असेल तर वाटेचा सराव तिथेच होतो: चेंडू कोब्यावर ठेवा, आधी डाव्या बाजूला सुटका शोधा, मग उजव्या, दोन्ही अंतरं क्लबने मोजा आणि कमी भरतं ते खरं.

चुकून भलत्या ठिकाणी ड्रॉप केला आणि लक्षात आलं, तर फटका मारण्याआधी चेंडू उचलून पुन्हा बरोबर करता येतो, दंड नाही. मारल्यावर मात्र तो चुकीच्या जागेवरून मारलेला फटका, पूर्ण दंडाचा.

आणि स्ट्रोक प्लेमध्ये काय करावं तेच कळेना, विचारायला जवळ कोणी पंच नाही, अशी वेळ आलीच तर तो होल दोन चेंडूंनी खेळा. पुढचा फटका मारण्याआधी सोबतच्याला सांगा की दोन चेंडू खेळतोय आणि नियमाने चालत असेल तर अमुक चेंडूचा स्कोअर धरायचा. न सांगितल्यास आधी मारलेला चेंडू तुमची निवड समजतात. स्कोअरकार्ड देण्याआधी समितीला सगळं सांगायचं, दोन्ही चेंडूंचा स्कोअर सारखा आला असला तरीही. न सांगता कार्ड दिलं तर तुम्ही स्पर्धेतून बाद. मॅच प्लेमध्ये ही सोय नाही, तिथे प्रतिस्पर्ध्याशी बोलूनच पुढे जावं लागतं.